नदी नसलेल्या शहराच्या नद्या

मुंबईची गिरणी म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा येते ती चिमणी. सिनेमात तीच, नाटकात तीच, रविवारच्या पुरवणीतल्या फोटोतही तीच. उंच, काळपट, धूर सोडणारी. गिरण्या गेल्या, मॉल आले, टॉवर आले, तरी काही ठिकाणी ती एकटीच उभी ठेवलीय, शोभेला. आता गंमत ऐका. १९१५ नंतर यातल्या बऱ्याच गिरण्यांमधली यंत्रं कोळशावर चालतच नव्हती. ती पाण्यावर चालत होती. आणि पाणी कुठलं, तर इंद्रायणीचं. होय, तीच. देहू-आळंदीची.

म्हणजे मुंबई हे चक्क नद्यांच्या जोरावर चाललेलं कापडाचं शहर होतं. फक्त त्या नद्या मुंबईत नव्हत्या. (मिठी नावाची एक नदी आपल्या शहरात आहे हे निम्म्या मुंबईला २६ जुलै २००५ ला कळलं, तेही ती घरात शिरल्यावर. तिच्यावर गिरणी काय, पिठाची चक्कीसुद्धा चालली नसती.)

मी मूळचा पिंपळनेरचा. तालुका साक्री, जिल्हा धुळे. पुण्यात सांगितलं की लोक 'पिंपरी का?' असं विचारतात, म्हणून पत्ता पूर्ण दिला. नोकरी हिंजवडीत. आमच्या गावावरून पांझरा वाहते. ती पुढे धुळ्यातून जाते आणि तापीला मिळते. खानदेशात कापूस पिकतो हे शाळेच्या पुस्तकात वाचलं होतं, आणि नदी घरामागेच होती. त्यामुळे एक प्रश्न बरीच वर्षं डोक्यात होता. कापूस आपला, नदी आपली, मग कापडाचं शहर मुंबईत का झालं? पांझरेवर का नाही? त्याचं उत्तर शोधता शोधता मी भलतीकडेच, म्हणजे थेट मुळशीला पोचलो. तो सगळा प्रवास आज लिहून काढतोय. लांबेल जरा, चहा घेऊन बसा.

आधी थोडं गणित. (घाबरू नका, आठवीचंच आहे.) पाण्यापासून मिळणारी ताकद दोनच गोष्टींवर ठरते. पाणी किती आणि ते किती उंचावरून पडतं. सेकंदाला एक हजार लिटर पाणी दोन मीटरच्या बंधाऱ्यावरून पडलं तर, गळती-घर्षण सोडून द्या, साधारण वीस किलोवॉट मिळतात. म्हणजे २६ हॉर्सपॉवर, एका बऱ्यापैकी ट्रॅक्टरइतकी. तेवढंच पाणी पाचशे मीटरवरून पडलं तर साडेसहा हजार हॉर्सपॉवर. पाणी तेच. फरक नुसता उंचीचा.

जगातल्या पहिल्या सूतगिरण्या पाण्यावरच चालल्या. रिचर्ड आर्कराइटने इंग्लंडात क्रॉमफर्डला १७७१ मध्ये गिरणी उभी केली, आणि त्याच्या सूत काढायच्या यंत्राचं नावच मुळी 'वॉटर फ्रेम' पडलं. वाफेचं इंजिन नंतर आलं. पण नदीवर अख्खं शहर उभं करायचा मोठा प्रयोग झाला तो अमेरिकेत, लॉवेल इथे. मेरिमॅक नदी तिथे ३२ फूट खाली उतरते. १८२० च्या सुमाराला तिथे शेतं होती आणि थोडी घरं. बॉस्टनच्या भांडवलदारांनी कालवे खणले, गिरण्या बांधल्या आणि १८५० पर्यंत ते तेहतीस हजार वस्तीचं शहर झालं.

मला त्यातली सगळ्यात आवडलेली गोष्ट म्हणजे तिथलं पाण्याचं भाडं. कालव्यांची मालकी एका वेगळ्या कंपनीकडे होती आणि ती गिरण्यांना पाणी विकायची. मोजमाप काय? तर 'मिल पॉवर'. एक मिल पॉवर म्हणजे ३,५८४ चात्या फिरवायला लागेल इतकं पाणी. आपण क्लाउडवर सर्व्हर भाड्याने घेतो तसं ते नदी भाड्याने घेत होते. किती लागते ते सांगा, तेवढ्याचं बिल भरा!

मात्र नदी भाड्याने द्यायची तर आधी ती कुणाची तरी असावी लागते. लॉवेलच्या गिरण्यांना उन्हाळ्यात पाणी कमी पडायला लागलं, तेव्हा गिरणीवाल्यांनी शेजारच्या न्यू हॅम्पशायर राज्यातल्या मोठमोठ्या तळ्यांच्या तोंडावरचे हक्क विकत घेतले. शंभरेक किलोमीटर लांबच्या तळ्याचं पाणी आता बॉस्टनच्या लोकांच्या सोयीने वर-खाली व्हायला लागलं. तळ्याकाठच्या शेतकऱ्यांना ते मानवेना, आणि १८५९ मध्ये लेक व्हिलेज इथल्या धरणावर एक जमाव ते फोडायला चालून गेला. हा प्रसंग लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता खानदेश. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झालं. दक्षिणेतला कापूस बाहेर पडेना. लॉवेलच्या गिरण्या बंद पडल्या, इंग्लंडात लँकेशायरचे कामगार उपाशी राहायला लागले, आणि व्यापारी हिंदुस्थानातल्या कापसाकडे धावले. आपला कापूस आखूड धाग्याचा. एरवी त्याला नाकं मुरडणारे व्यापारी आता मिळेल त्या भावाने घ्यायला लागले. मुंबईत पैशाचा पाऊस पडला. शेअरबाजाराचं वेड आलं आणि १८६५ मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं. (डॉट-कॉम ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट नवी नाही.)

भाव गेले, पण रेल्वे राहिली. थळघाटातून गाडी १८६५ मध्ये वर आली आणि १८६७ पर्यंत जळगाव-भुसावळवरून नागपूरला पोचली. ती नसती तर कदाचित गोष्ट वेगळी झाली असती. खानदेशातून बैलांवर कापूस लादून घाट उतरायला दिवसचे दिवस लागत. आता गाठी थेट बंदरात जायला लागल्या. म्हणजे कापूस जिथे पिकतो तिथे गिरणी काढायचं कारणच उरलं नाही. बंदरात कोळसा जहाजाने येत होता, यंत्रं जहाजाने येत होती, सूत जहाजाने चीनला जात होतं. कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ मध्ये मुंबईत पहिली कापडगिरणी कंपनी काढली, तिची यंत्रं १८५६ मध्ये फिरायला लागली. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला मुंबईत ऐंशीच्या आसपास गिरण्या होत्या.

खानदेशातही गिरण्या निघाल्या, नाही असं नाही. जळगावची खानदेश मिल १८७० च्या दशकातली. अमळनेरची प्रताप मिल १९०६ ची, प्रताप शेठजींची. याच शेठजींनी अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर काढलं, आणि साने गुरुजी ज्या शाळेत शिकवायचे तिलाही त्यांचंच नाव आहे. पुढे धुळ्यात न्यू प्रताप मिल झाली, चाळीसगावातही गिरणी झाली. धुळे पांझरेवर, अमळनेर बोरीवर. दोन्ही नदीकाठची गावं, पण नदीवर एकही गिरणी चालली नाही. सगळा मामला कोळशाचा. (जाता जाता, अमळनेरला १९४५ मध्ये वनस्पती तूप बनवणारी एक कंपनी निघाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तिचं आजचं नाव विप्रो. हिंजवडीत शेजारच्या टेबलावरच्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे संशयाने बघतात.)

मग पांझरेवर गिरणी का नाही? तिला पाणी होतं की. गणिताने अर्धं उत्तर दिलंच. आमच्याकडे बंधारे पुष्कळ, पण बुटके. दीड-दोन मीटरच्या पडावर गिरणी चालवायची तर मेरिमॅकसारखी बारमाही मोठी नदी पाहिजे. धुळे जिल्ह्यात पाऊस सहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही चार महिन्यांत. पाण्यावर यंत्र चालवायची अक्कल आपल्याकडे नव्हती असंही नाही. औरंगाबादची, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की शेकडो वर्षं पीठ दळत होती. पण पीठ दळणं वेगळं आणि हजारो चात्या बारा महिने फिरवणं वेगळं.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पांझरेचं पाणी मोकळं नव्हतंच. ते आधीच वाटून घेतलेलं होतं.

फड पद्धत हे नाव तुम्ही ऐकलं असेल किंवा नसेल. पांझरा, मोसम, आरम, गिरणा अशा तापीच्या खोऱ्यातल्या नद्यांवर, म्हणजे धुळे-नाशिकच्या पट्ट्यात, ही तीन-चारशे वर्षं चालत आलेली. नदीत दगडी बंधारा घालायचा. त्याच्या बाजूने पाट काढायचा. पाटाखाली भिजणारी जमीन तीन-चार मोठ्या तुकड्यांत वाटायची, तो एकेक तुकडा म्हणजे फड. आता खुबी बघा. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. या वर्षी या फडात ऊस, त्या फडात गहू-हरभरा, तिसऱ्यात बाजरी, आणि पुढच्या वर्षी चक्र फिरवायचं. शेतकऱ्याची जमीन एकाच ठिकाणी नसते, प्रत्येक फडात थोडी थोडी असते. त्यामुळे पाणी कमी पडलं आणि एक फड कोरडा ठेवायचं ठरलं तर कुणा एकाचं सगळं बुडत नाही. सगळ्यांचं थोडं थोडं बुडतं.

पाणी कुणी सोडायचं? पाटकऱ्याने. शेतकऱ्याने स्वतः हात लावायचा नाही. पिकाची राखण जागल्याने करायची. दोघांनाही मोबदला धान्यातून. पावसाळ्याआधी पाटातला गाळ काढायला सगळ्यांनी यायचं किंवा माणूस पाठवायचा. जास्तीचं पाणी सांडव्यावरून परत नदीत, म्हणजे खालच्या गावाच्या बंधाऱ्याला. भांडणं झाली तर पंच.

आमच्या नात्यातले एक नाना आहेत, त्यांनी हे चालू असताना पाहिलंय. मी त्यांना विचारलं, नाना, पाटकऱ्याने कुणाला जास्त पाणी दिलं तर? ते म्हणाले, 'अरे देईल कसा? फडात सगळ्यांचा ऊस शेजारी शेजारी. एकाचा वितभर उंच दिसला की गाव विचारणार.' मला हे फार आवडलं. हिशेबाची वही शेतातच उभी, आणि ती सगळ्यांना वाचता येते.

लगेच सुवर्णयुग वगैरे म्हणायची मला घाई नाही. ज्याला जमीनच नाही त्याला फडात काय मिळणार? डोंगराकडचे भिल, कोकणी, मावची या हिशेबात कुठे होते? आणि एकच पीक सगळ्यांनी घ्यायचं हे आजच्या माणसाला जाचकच वाटेल. विहिरी झाल्या, त्यांवर पंप बसले, आमच्याच गावाजवळ लाटीपाड्याचं धरण झालं, ज्याला त्याला आपल्या मनाचं पीक पाहिजे झालं, आणि बरेचसे फड मोडले. तरी एक गोष्ट उरतेच. त्या नदीच्या पाण्याचे मालक ठरलेले होते, आणि त्यांच्यात बसून बोलल्याशिवाय कुणी पाणी उचलून नेऊ शकत नव्हतं. गिरणी काढायला कुणी आला असता तर त्याला आधी पाटकऱ्याशी बोलावं लागलं असतं!

आपल्या बाजूला नदीवर गिरणी चाललीच नाही असं मात्र नाही. ती चालली बेळगाव जिल्ह्यात, गोकाकला. घटप्रभा तिथे सुमारे १७० फूट खाली उडी मारते. १८८५ मध्ये कंपनी झाली (तिच्या नावातच 'वॉटर पॉवर' होतं) आणि १८८७ मध्ये धबधब्याच्या जोरावर सूत निघायला लागलं. लॉवेलची जवळची बहीण म्हणायची तर हीच. पण गोकाक हे धबधब्याकाठचं गाव राहिलं, मुंबई झालं नाही. कारण उघड आहे. धबधब्याची ताकद वापरायची तर तेव्हा गिरणीलाच धबधब्याकडे जावं लागायचं. धबधबा उचलून गिरणीकडे आणायची सोय नव्हती.

ती सोय विजेने केली, आणि इथून गोष्ट मुंबईत शिरते.

मुंबईच्या गिरण्यांची रड कोळशाची होती. कोळसा यायचा बंगाल-बिहारकडच्या खाणींमधून, देशाच्या दुसऱ्या टोकाहून. भाडं जबर, वर धूर. त्याच वेळी शंभर किलोमीटरच्या आत, लोणावळ्याच्या माथ्यावर, वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस कोसळतो आणि माथ्यावरून कोकणाकडे बघितलं तर सरळ पाचशे मीटरचा कडा. वरचं गणित आठवा. पाणी भरपूर नि उंची भरपूर. मुंबईत काम करणाऱ्या डेव्हिड गॉसलिंग नावाच्या गृहस्थांनी ही कल्पना मांडली आणि जमशेटजी टाटांनी ती धरली. जमशेटजी स्वतः गिरणीवाले. नागपूरची एम्प्रेस मिल (१८७७) त्यांचीच. १९०४ मध्ये ते गेले, पण मुलांनी काम सोडलं नाही. १९१० मध्ये टाटा हायड्रो-इलेक्ट्रिक कंपनी झाली. भांडवल इथल्याच लोकांनी घातलं, संस्थानिकांनीही घातलं. ८ फेब्रुवारी १९११ ला वळवणच्या धरणाची पायाभरणी गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांच्या हस्ते झाली.

लोणावळा, वळवण, शिरवता अशी तीन धरणं. इंद्रायणीच्या वरच्या खोऱ्यातलं पाणी अडवायचं, कालव्याने खंडाळ्याच्या कड्यापर्यंत आणायचं आणि जाडजूड नळांतून खाली खोपोलीत सोडायचं. (एक्सप्रेसवेवरून जाताना खोपोलीच्या डोंगरावर उतरणारे नळ दिसतात ना, तेच.) खोपोलीत जनित्रं, तिथून सत्तर किलोमीटर तारांवरून वीज परळला. फेब्रुवारी १९१५ मध्ये ती चालू झाली. वेळही अशी साधली की पहिलं महायुद्ध सुरू होतं आणि कोळसा महाग होत चालला होता. एकेक गिरणी वाफेचं इंजिन बाजूला ठेवून विजेवर जायला लागली. चिमण्या जागच्या जागी राहिल्या.

इंजिनिअर म्हणून माझी दाद आहे बरं का. शंभर वर्षांपूर्वी, असल्या पावसात, असल्या कड्यावर, हे करणं म्हणजे खायचं काम नव्हे. आणि एक बारीक गोष्ट बहुतेकांच्या लक्षात येत नाही. इंद्रायणी पूर्वेला वाहते. ती भीमेला मिळते, भीमा कृष्णेला, आणि ते पाणी बंगालच्या उपसागराला जातं. टाटांनी तिचं वरचं पाणी उलटं फिरवलं, पश्चिमेला. वीज झाल्यावर ते पाताळगंगेत पडतं आणि अरबी समुद्राला जातं. तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने परत दिल्या अशी आपली श्रद्धा आहे. हे पाणी मात्र ती परत देऊ शकत नव्हती.

पहिल्या तीन धरणांवर फार आरडाओरड झालेली दिसत नाही. मागणी वाढत गेली. १९१६ मध्ये आंध्रा व्हॅली कंपनी झाली, तिची भिवपुरीची वीज १९२२ मध्ये आली. आणि १९१९ मध्ये तिसरी, टाटा पॉवर कंपनी झाली. तिला धरण पाहिजे होतं नीला आणि मुळा नद्यांच्या संगमावर. मुळशीला.

मुळशी पेटा म्हणजे मावळ. आंबेमोहोर तांदूळ पिकवणारी भातखाचरं. धरणाखाली पन्नासच्या आसपास गावं जाणार होती आणि दहा-अकरा हजार माणसं उठणार होती. कंपनीने सुरुवात कशी केली? शेतकऱ्यांना धड न विचारता त्यांच्या शेतात चर खणून. भूसंपादनाचा कायदा (१८९४ चा) सरकारच्या हाती होताच. सार्वजनिक काम म्हटलं की झालं. एका खासगी कंपनीची वीज हे सार्वजनिक काम कसं, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला.

विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट हे दोघे उभे राहिले. बापट मूळचे पारनेरचे, विलायतेत बाँबची विद्या शिकून आलेले, नंतर सगळं सोडून झाडू हातात घेतलेले. मुळशीनेच त्यांना 'सेनापती' केलं. १६ एप्रिल १९२१, रामनवमी. त्या दिवशी बाराशे मावळे धरणाच्या कामावर जाऊन बसले. काम थांबलं. गांधीजींनी 'यंग इंडिया'त या लोकांच्या बाजूने लिहिलं. शि. म. परांजपे, न. चिं. केळकर अशी पुण्यातली मोठी मंडळी यात होती, परांजप्यांना तर यापायी तुरुंगात जावं लागलं. कंपनीने काम काही महिने बंद ठेवलं आणि डिसेंबरात पुन्हा सुरू केलं. मग अटका. बायका, म्हातारी माणसं, सगळी तुरुंगात.

इथे थोडं थांबतो, कारण हा भाग मला सगळ्यात टोचला. सत्याग्रह का मोडला? सरकार ताकदवान, टाटा श्रीमंत, हे खरंच. पण आतूनही एक फट होती. मुळशीतल्या बऱ्याचशा जमिनी कागदोपत्री मावळ्यांच्या नव्हत्याच. त्या कर्जापायी पुण्यातल्या सावकारांच्या नावावर गेलेल्या होत्या. मावळे पिढ्यान् पिढ्या कसत होते, घाम त्यांचा, नाव सावकाराचं. आणि सावकाराला भातखाचरं बुडाली काय नि राहिली काय, मोबदला चांगला मिळाला की पुरे. 'जमीन देणार नाही' म्हणणारे आणि 'किती देता ते बोला' म्हणणारे एकाच मांडवात बसले होते. मोबदल्याचा आकडा वाढत गेला तसा मांडव रिकामा होत गेला.

मला फडातला तो ऊस आठवला. आमच्याकडे पाण्याचा हिशेब गावात, सगळ्यांसमोर होता. मुळशीत जमिनीचा हिशेब शनिवार-सदाशिव पेठेत कुणाच्या तरी वहीत होता, आणि ती वही मावळ्याला वाचता येत नव्हती.

बापट थांबले नाहीत. तीनदा तुरुंगात गेले. शेवटी सत्याग्रहाचा मार्ग बाजूला ठेवून त्यांनी साथीदारांसह धरणाच्या कामाची रेल्वेगाडी अडवली, आणि सात वर्षांची सजा घेतली. ते तुरुंगात असतानाच धरण पुरं झालं. १९५९ मध्ये आपल्याकडे कुणाला लेक व्हिलेजची शताब्दी आठवायचं काही कारण नव्हतं. पण गोष्ट तीच होती. गिरणीला लागणारं पाणी दूर कुठेतरी, आणि तिथल्या लोकांना विचारायची पद्धत नाही.

यातला दैवदुर्विलास पुढे आहे. मुळशीच्या पाण्यावरचं भिऱ्याचं वीजघर १९२७ मध्ये सुरू झालं. तोपर्यंत गिरण्यांचा तेजीचा काळ सरलेला होता. जपानी कापड येत होतं, मालक मजुरी कापायच्या नि कामगार कमी करायच्या मागे होते. १९२८ मध्ये एप्रिल ते ऑक्टोबर मुंबईच्या गिरण्यांचा प्रचंड संप झाला. म्हणजे ज्या चात्यांसाठी मुळशी बुडवली त्या चात्या, वीज आली त्याच्या पुढच्याच वर्षी, सहा महिने बंद. वीज वाया गेली नाही अर्थात. शहराला ती हवीच होती, रेल्वेला, ट्रामला, घरांना. पण १९२१ मध्ये मावळ्यांना 'मुंबईचे गिरणीधंदे अडून बसलेत' असं सांगितलं जात होतं, त्याचं काय?

कुणी म्हणेल, तू टाटांवर का घसरतोस, कोळशाशिवाय शंभर वर्षं वीज दिली की त्यांनी. दिली. खोपोली, भिवपुरी, भिरा तिन्ही आजही चालू आहेत. स्वातंत्र्यानंतर कोयनेला सरकारने हेच केलं, याहून कितीतरी मोठ्या मापात, आणि तिथल्या धरणग्रस्तांची कहाणी मुळशीहून सुखाची नाही. माझी तक्रार वीज करण्याबद्दल नाहीच. मला एवढंच दिसतं की लॉवेल असो, लोणावळा असो, नदीवर शहर उभं राहतं तेव्हा यंत्राचा भाग सगळे नीट लिहून ठेवतात. कितीची टर्बाईन, किती फुटांचा पड. आणि नदी आधी कुणाची होती ही ओळ राहून जाते.

१८ जानेवारी १९८२ ला दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली गिरण्यांचा संप झाला, अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि मुंबईचा कापडधंदा संपला तो संपलाच. जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप याही बंद पडल्या. पाणी मात्र वाहतंय. भीमेच्या खोऱ्यात दुष्काळ पडला की सोलापूरकडून आवाज उठतो, आमचं पूर्वेचं पाणी पश्चिमेला का सोडता, धरणं वीज सोडून शेतीला द्या. मग समित्या बसतात. पश्चिमेकडची माणसं म्हणतात, आता शंभर वर्षांत आमची गावं, आमचे कारखाने, आमचे नळ याच पाण्यावर उभे राहिलेत, ते कसं तोडणार? दोघांचंही खरं आहे, आणि या भांडणाला पाटकरी नाही.

हिंजवडीचं आयटी पार्क कागदोपत्री मुळशी तालुक्यात येतं. आमच्या ऑफिसची पावसाळी सहल मुळशी धरणाच्या काठच्या रिसॉर्टवर जाते आणि हिवाळी सहल कोलाडला, राफ्टिंगला. उन्हाळ्यात कोकणातल्या सगळ्या नद्या आटतात, पण कोलाडची कुंडलिका खळाळत असते. ते पाणी मुळशीचं. भिऱ्याला वीज करून सोडून दिलेलं. राफ्टिंगवाले म्हणूनच सकाळी लवकर बोलावतात. वीजघरातून पाणी सुटलं की तेवढ्या वेळात सगळ्या बोटी खाली न्याव्या लागतात, नंतर नदी उतरते.